घोड्याची चंदी आणि जवस

मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत जनावरांचा मोठा व्यवहार होतो, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. ह्या दोन्ही ठिकाणीं गिऱ्हाईक प्रथम काय पाहतो? दांत, खूर व चाल हीं मागाहून पाहिलीं जातात. पहिली दृष्टि जाते ती अंगावरील तकाकीवर. कुमेत घोड्याच्या पाठीवर ऊन पडून ती घांसलेल्या तांब्याच्या भांड्याप्रमाणें चकाकली, कीं मोल वाढलेंच म्हणून समजावें. तकाकीस एवढी किंमत असल्यामुळें ती आणण्याच्या अनेक युक्त्या चालत आल्या आहेत. त्यांपैकीं सर्वांत स्वस्त व माझ्या मतें सर्वांत चांगली युक्ति म्हणजे चंदींत जवस घालणें ही होय. आमच्या देशावर ज्यास अळशी म्हणतात तोच हा वऱ्हाड-नागपुराकडील जवस.

परंतु चांगली वस्तुही अवेळीं व बेमाप दिली तर गुण देत नाहीं. सध्यां दोन प्रकार पाहण्यांत येतात. बाजार पंधरा दिवसांवर आला कीं घोड्यापुढें एकदम किलो-दीड किलो जवस ओतावयाचा, हा एक. दुसरा त्याहून वाईट. घोड्याच्या अंगावरचे केंस गेले, कातडी फुटली, चट्टे पडले, तरी पशुवैद्याकडे न जातां 'जवस चालूं आहे, येईल गुण' असें म्हणत महिने काढावयाचे. जवस हा घोड्याचा आहार आहे, औषध नव्हे. आणि आहाराचा गुण रोजच्या मापानें व काळानें येतो. हें एवढें ध्यानांत ठेविलें तर सात-आठ गुंठ्यांच्या पिकांत एका घोड्याची सोय होते. नाहीं तर जवसही वायां जातो व कित्येकदां घोडाही.

प्रथम जवसानें तकाकी कां येते तें पाहूं. घोडा हा मुळचा गवतावर वाढणारा प्राणी. हिरव्या गवतांत स्निग्धांश थोडा, शेंकडा दोन-तीन भागच असतो. परंतु त्या स्निग्धांशाचा अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक नांवाच्या आम्लाचा असतो. हें ओमेगा-तीन वर्गांतील आम्ल घोड्याच्या शरीरास स्वतः तयार करितां येत नाहीं, तें खाण्यांतूनच मिळावें लागतें. आषाढापासून आश्विनापर्यंत बांधावर व गायरानांत चरणाऱ्या घोड्यास तें आपोआप मिळतें, आणि म्हणूनच भाद्रपदांत धनगराचें साधें तट्टूही गुळगुळीत दिसतें. पुढें गवत वाळतें. वाळतांना व साठवणींत ह्या आम्लाचा पुष्कळ भाग नाहींसा होतो. कडब्यांत तर तें नांवालाच असतें. बरें, चंदींत आपण जें धान्य देतों, हरभरा, बाजरी, मका किंवा गव्हाचा कोंडा, त्यांतील स्निग्धांश बहुतेक ओमेगा-सहा वर्गाचा. म्हणजे कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने घोड्याच्या आहारांतून एक बाजू जवळ जवळ गळालेली असते. कातडी कोरडी पडते, कोंडा सुटतो, केंस राठ होतात व त्यांचा रंग मावळतो. मालक म्हणतो, चंदी तर पोटभर आहे. असते, पण ती दुसऱ्याच बाजूची.

जवसांत ही उणीव नेमकी भरून निघते. त्याच्या दाण्यांत वजनाच्या सुमारें शेंकडा चाळीस भाग तेल असतें व त्या तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग ह्याच आम्लाचा असतो. आपल्याकडील दुसऱ्या कोणत्याही नेहमींच्या तेलबीची ही गोष्ट नाहीं. भुईमुगांत तें जवळ जवळ नाहींच, करडईंत नाहीं, सोयाबीनमध्यें आहे पण अल्प. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. घोड्यास कोणतेंही गोडें तेल थोडें थोडें दिलें तरी केंसांवर कांहीं चकाकी येते. घोड्यास स्नेह देण्याची कल्पनाही आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं उत्तम घोड्याच्या शिध्यांत धान्याबरोबर एक प्रस्थ स्नेह सांगितलेला आहे. तेव्हां करडईचें तेल देणारा अगदींच चुकतो असें नाहीं. फरक आहे तो केंसांच्या चकाकींत नसून कातडीच्या प्रकृतींत. ओमेगा-तीन वर्गाचीं आम्लें शरीरांतील दाह सौम्य करण्याच्या कामीं पडतात. दुसऱ्या वर्गाचीं आम्लें अतिरेकानें दिलीं तर तें काम होत नाहीं.

ह्या बाबतींत परदेशीं प्रयोगही झाले आहेत. पावसाळ्यांत व त्यानंतर चिलटांहूनही बारीक अशा चावऱ्या माश्यांच्या दंशानें कित्येक घोड्यांस आयाळीच्या मुळाशीं व शेपटीच्या बुडाशीं अनिवार खाज सुटते. तीं खांबाला अंग घांसून घांसून तेथील केंस घालवितात. अशा खाजेच्या सहा घोड्यांवर कॅनडांतील ग्वेल्फ विश्वविद्यालयांत प्रयोग झाला व तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. घोड्याच्या दर किलो वजनास सुमारें एक ग्रॅम ह्या हिशेबानें दळलेला जवस बेचाळीस दिवस दिला, आणि त्या माशीचा अर्क कातडींत टोंचून उठणारी गांधी मोजली. जवस खाणाऱ्या घोड्यांची गांधी लहान भरली. मात्र घोडे सहाच होते हें विसरूं नये. आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत जवसाचें तेल देऊनही खाज म्हणण्यासारखी कमी झाली नव्हती. एवढ्यावरून जवसानें खाज बरी होते असें छातीठोकपणें सांगणारा मनुष्य कांहीं तरी विकावयास निघाला आहे असें समजावें. मदत होण्याचा संभव आहे, व योग्य रीतीनें दिल्यास अपाय नाहीं, इतकेंच म्हणतां येईल. आणि शेतकऱ्यास तेवढें पुरेसें आहे. अशा घोड्यास दिवस मावळतांना व पहांटे, ज्या वेळीं ह्या माश्या अधिक चावतात त्या वेळीं, पागेंत आंत बांधणें व कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करणें हें जवसापेक्षां आधीं करावें.

आतां देण्याच्या रीतीकडे वळूं. ह्याच ठिकाणीं मतभेद फार आहेत. कोणी म्हणतो अख्खा दाणा मूठभर टाकावा, कोणी म्हणतो रात्रभर भिजवून द्यावा, कोणी म्हणतो कच्चा जवस विष आहे, शिजविल्यावांचून देऊंच नये. तिघांच्याही म्हणण्याचा विचार केला पाहिजे.

अख्खा दाणा विषारी नाहीं, पण पुष्कळसा फुकट जातो. जवसाचा दाणा बारीक, गुळगुळीत व टणक सालीचा. घोड्याच्या दाढेखालून तो निसटतो व जसाचा तसा लिदींत पडतो. लीद पाण्यांत कालवून पाहावी म्हणजे कोणाचीही खात्री होईल. उकिरड्यावर पहिल्या पावसानें जवसाचीं रोपें उगवलेलीं दिसलीं, तर समजावें कीं घोड्यानें जवस खाल्ला खरा, पण पचविला नाहीं.

विषाची गोष्ट खोटी नाहीं, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. ज्वारीचे कोंवळे पोंगे किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावर धाडकन पडतें, ज्यास आपण किराळ लागणें म्हणतों, त्यास कारण असणारें विष म्हणजे हायड्रोसायनिक आम्ल. जवसांत हें विष तयार स्वरूपांत नसतें. विषाचें मूळद्रव्य व तें फोडणारा पाचक रस अशा दोन वस्तु दाण्यांत निरनिराळ्या असतात. दाणा फुटून ओला झाला, व पाणी कोमट असलें, कीं त्या एकत्र येतात आणि विष सुटूं लागतें. म्हणजे सर्वांत धोक्याची रीत कोणती, तर दळलेला किंवा ठेंचलेला जवस कोमट पाण्यांत तासन्‌तास भिजत ठेवून तसाच कच्चा चारणें. ही रीत सर्वथा टाकावी.

निर्धोक रीती दोन. पहिली शिजविण्याची. पाणी आधीं खळखळ उकळूं द्यावें व मग त्यांत जवस टाकावा; थंड पाण्यांत जवस घालून मंद आंचेवर चढवूं नये, कारण पाणी कोमट असण्याचा तोच काळ विष सुटण्याचा. उकळत्या पाण्यानें तो पाचक रस तात्काळ निकामी होतो. भांड्यावर झांकण ठेवूं नये, म्हणजे जें थोडें विष सुटलें असेल तें वाफेबरोबर निघून जातें. जवसाच्या पांच-सहा पट पाणी घ्यावें. दाणे फुटून सर्व बुळबुळीत पेज झाली कीं उतरवावें, निवल्यावर कोंड्यांत किंवा भरड्यांत कालवून द्यावें, आणि शिळें ठेवूं नये. इंग्लंडांतील तबेल्यांत अशी पेज कोंड्यांत कालवून आठवड्यांतून एकदां, बहुधा विश्रांतीच्या आदल्या रात्रीं देण्याची चाल असे. तिची नक्कल आपल्याकडेही कित्येक पागांत झाली. आठवड्यांतून एकदां देऊन कातडीस कांहीं लाभ होत नाहीं. उलट सहा दिवस एक खाणें व सातव्या दिवशीं भलतेंच, ह्यानें घोड्याचें पोट बिघडण्याचीच भीति.

दुसरी रीत अधिक सोपी व मला अधिक पसंत आहे. कोरडा जवस त्या त्या दिवसापुरता जात्यावर किंवा मिक्सरमध्यें भरडावा आणि लगेच चंदींत मिसळून तोबऱ्यांत घालावा. चंदी ओलवावयाची असल्यास पाण्याचा हबका तोबरा चढवितांना मारावा, आधीं नव्हे. कोरडी भरड पोटांत गेल्यावर तेथील आम्लानें तो पाचक रस निकामी होतो, म्हणून साधारण प्रमाणांत दिलेल्या ताज्या भरडीनें घोड्यास विषबाधा होत नाहीं. कॅनडांतील उपरोक्त प्रयोगांतही जवस दळूनच दिला होता. भरड मात्र रोज ताजी हवी. जवसाचें तेल हवेशीं संयोग पावून फार लौकर खवट होतें, आणि आपल्या उन्हाळ्यांत तर चार-सहा दिवसांत भरडीस वास येऊं लागतो. खवट भरड घोडा सोडतो. भुकेपोटीं खाल्लीच तर लाभाऐवजीं हानि होते. अख्खा दाणा मात्र कोरड्या डब्यांत वर्षभर सहज टिकतो. दळून, सुगंध घालून, चकचकीत पिशव्यांत भरून विकलेला महिनोगणतीचा माल घेण्यापेक्षां दाणा घ्यावा तो ह्याच कारणासाठीं.

माप सांगतों. भीमथडी किंवा तत्सम लहान बांध्याच्या तट्टास रोज १०० ते १५० ग्रॅम, मारवाडी किंवा काठेवाडी उंच घोड्यास १५० ते २५० ग्रॅम इतकी कोरड्या जवसाची भरड पुरे. पहिल्या दिवशीं एक लहान मूठ, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ण मापास यावें. घोड्यास पित्ताशय नसतें. पित्त थेंब थेंब सारखें झिरपत असतें. त्यामुळें थोडा स्नेह त्यास उत्तम पचतो, पण एकदम पुष्कळ दिल्यास लीद पातळ होते व पोटशूळ उठण्याची भीति असते. किलो-दीड किलो ओतणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा. गाभण घोडीसही जवस चालतो. शिंगरांस मात्र केवळ जवसाच्या किंवा त्याच्या पेंडीच्या भरंवशावर वाढवूं नये. त्यांतील प्रथिनें शिंगराच्या वाढीस अपुऱ्या प्रकारचीं असतात, त्यास सोयाबीनची पेंड किंवा लसूणघास अधिक हितकर. ज्याच्या विहिरीवर बारमाही लसूणघास हिरवा उभा आहे त्यास जवसाची विशेष गरजही नाहीं.

गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. जो केंस आज बाहेर आहे तो वाढून चुकलेला; नवा केंस मुळापासून येईल तेव्हां तो जवसाचा गुण दाखवील. म्हणून बाजाराचा घोडा असेल तर कोजागिरीस आरंभ करावा. कोजागिरी ते दत्तजयंती बरोबर दोन महिने पडतात. पंचांगानेंच ही सोय करून ठेविली आहे. पंधरा दिवसांत तकाकी आणून दाखवितों म्हणणाऱ्याच्या घोड्याच्या पाठीवरून पांढरा रुमाल फिरवून पाहावा. बहुतेक वेळीं तेल रुमालास लागेल.

तेल व पेंड ह्यांविषयीं दोन शब्द. रंगाच्या दुकानांत मिळणारें अळशीचें 'डबल बॉइल' तेल घोड्यास कदापि देऊं नये. तें लांकडास लावण्याचें असून लौकर वाळावें म्हणून त्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात, आणि ते विषारी आहेत. नांव अळशीचें व किंमत कमी एवढें पाहून तें घोड्याच्या तोंडांत ओतणारे लोक अद्याप आहेत म्हणून हें लिहावें लागतें. पेंडीची गोष्ट निराळी. लांकडी घाण्याच्या पेंडींत तेल बरेंच शिल्लक राही. आतांच्या कारखान्यांत द्रावकानें तेल काढून घेतलेल्या पेंडींत तें शेंकडा एक-दोन भागही उरत नाहीं. तिच्यानें प्रथिनें मिळतील, तकाकी मिळणार नाहीं. शिवाय ज्या घाण्यावर एरंडीही गाळली जाते तेथील पेंड घोड्यास घालूंच नये. एरंडीच्या पेंडींतील विष घोड्यास इतर जनावरांपेक्षां फार लौकर बाधतें. बांधावर एरंड असणाऱ्यांनीं जवस पाखडतांना एरंडीचा दाणा त्यांत राहिला नाहीं हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

आतां ज्या कारणासाठीं मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतों. राठ केंस हें पुष्कळदां आहाराच्या उणिवेचें लक्षण नसून रोगाचें असतें, आणि तेथें जवसाचा कांहीं उपयोग नाहीं. जंतांनीं पोखरलेल्या घोड्याचे केंस उभे राहतात. त्यास आधीं जंताचें औषध हवें. खरजेचे किडे कातडींत शिरलेले असतात, तेथें वरून औषध लागतें. वाटोळे चट्टे पडून केंस गळले तर तो बहुधा नायटा; तो खराऱ्यावरून, खोगीरावरून दुसऱ्या घोड्यास व मोतद्दारासही लागतो. पावसाळ्यांत डोळ्याच्या कोपऱ्यांत, ओंठावर किंवा पायांवर चिघळणारी व भरून न येणारी जखम, जिला उत्तरेकडील लोक बरसाती म्हणतात, ती बहुतेक माश्यांनीं आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्यांची असते. ताप येतो-जातो, चंदी खाऊनही घोडा खंगत जातो, पायांवर व पोटाखालीं सूज चढते, केंस निस्तेज होतात, तेव्हां सर्रा रोगाची शंका घ्यावी. त्याचे जंतु मोठ्या चावऱ्या माश्यांमार्फत रक्तांत शिरतात, व उपचारावांचून घोडा बहुधा दगावतो. रक्त तपासल्यावांचून हें कळणार नाहीं.

ह्या सर्वांहून भयंकर म्हणजे ग्लँडर्स. पायांवर, विशेषतः मागील पायांच्या आंतल्या बाजूस, गांठी ओळीनें उठतात व फुटून चिकट पू वाहतो. नाकांतूनही स्राव येतो. २००६ सालीं महाराष्ट्रांतील घोड्यांत हा रोग आढळला होता. तो मनुष्यासही होतो व प्राणघातक ठरतो. त्यावर घोड्यास उपचार करीत नाहींत, रोग ठरल्यास घोडा नष्ट करावा लागतो. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीं २००९ सालीं झालेल्या केंद्रीय कायद्यांत हा रोग घातलेला असून, आपल्या जनावरास तो झाल्याची शंका येतांच मालकानें गांवच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविलें पाहिजे असें त्यांत आहे. माझी सारी नोकरी सरकारी कागदांत गेली, म्हणून हें कलम केवळ कागदावर कसें राहतें तें मी जाणून आहें. मालक खबर देत नाहीं, कारण घोडा जाण्याची भीति. आणि तो गांठीवर हळद-तेल चोपडून, जवस खाऊं घालून, तोच घोडा यात्रेंत उभा करतो. विकत घेणारा शेजारच्या तालुक्यांतला आपल्यासारखाच शेतकरी असतो व तो ती गांठ आपल्या पागेंत, आपल्या मुलाबाळांत घेऊन जातो. आपल्या संस्थेनें ह्या कामीं पुढाकार घ्यावा अशी माझी सूचना आहे. यात्रेंत पशुवैद्याकडून रक्त तपासून घेतल्याचा ताजा दाखला पाहिल्यावांचून आपल्या सभासदांनीं घोडा घेऊं नये, व विकतांना तसा दाखला आपण होऊन दाखवावा, असा ठराव करणें कठीण नाहीं. दहा-वीस गिऱ्हाइकांनीं दाखला मागितला कीं व्यापारी तो आपण होऊन खिशांत ठेवूं लागतात.

तकाकीच्या दुसऱ्या खर्चिक उपायांविषयीं फार लिहीत नाहीं. बाजाराच्या घोड्यास दूध, तूप, अंडीं, गूळ देण्याची चढाओढ चालते व वर्तमानपत्रांत त्याचीं वर्णनेंही छापून येतात. घोडा गवत खाणारा प्राणी आहे हें त्या वर्णनांत कोठेंच दिसत नाहीं. धान्य व गूळ ह्यांच्या अतिरेकानें खुरांच्या आंत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा झाल्याचीं उदाहरणें पशुवैद्य पुष्कळ सांगतील. कोंड्याचाही अतिरेक नको. त्यांत चुन्याच्या मानानें स्फुरद फारच अधिक असल्यामुळें नुसत्या कोंडा-धान्यावर ठेविलेल्या घोड्याचीं हाडें ठिसूळ होतात व तोंडाचीं हाडें फुगतात. आणि खरारा? सकाळसंध्याकाळ पाव तास जोरानें खरारा केला तर कातडींतील नैसर्गिक तेल केंसांवर पसरतें, मेलेले केंस निघतात, गोचीड व गांठ हाताला लागते. हें काम मजूर लावून होत नाहीं असें माझें मत आहे. निदान आठवड्यांतून दोनदां मालकानें स्वतः हात फिरवावा.

शेवटीं जवस आणावयाचा कोठून? पीकपाहणीच्या नोंदी तपासण्याचें काम मी कित्येक वर्षें केलें. आरंभीं रब्बीच्या रकान्यांत हरभऱ्याखालोखाल जवसाचें नांव वारंवार येई; पुढें पुढें तें पानामागून पानें उलटलीं तरी दिसेना. मध्यप्रांतांतून मुंबईमार्गें परदेशीं जवसाचीं जहाजें भरून जात तो काळ तर आमच्या आजोबांचा. रंगांच्या धंद्यांत दुसरीं द्रव्यें आलीं, सोयाबीन आलें, भाव राहिला नाहीं, आणि शेतकऱ्यानें जवस सोडला. त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु घरच्या गरजेपुरता जवस पेरण्यास भावाचा प्रश्न कोठें येतो? एका तट्टास रोज १५० ग्रॅमप्रमाणें कार्तिक ते ज्येष्ठ असे आठ महिने, म्हणजे सुमारें २४० दिवस, धरले तर ३६ किलो जवस लागतो. कोरडवाहूंत एकरीं दोन क्विंटल धरले तर गुंठ्यास पांच किलो पडतात. म्हणजे सात-आठ गुंठे पुरेत. हरभऱ्यांत मधून मधून चार तास जवसाचे टाकले तरी तेवढें क्षेत्र भरतें. भंडारा-गडचिरोलीकडे तर धान कापण्यापूर्वीं त्याच्या ओलीवर जवस फेकून देतात व नांगरटीचाही खर्च वांचवितात. जवसास जनावरें सहसा तोंड लावीत नाहींत, त्यामुळें राखणीचा त्रास कमी. बाजारांतून एक लहान बाटली 'चकाकीचें टॉनिक' आणण्यास जो पैसा पडतो त्यांत बियाण्याचा खर्च निघून पुष्कळ उरेल.

हें वाचून कोणी विचारील कीं मग बैलांसही भरडलेला जवस द्यावा काय? बैलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पहिल्या पोटांत आम्ल नसतें, व तेथील सूक्ष्म जंतूच जवसांतील विष मोकळें करण्याचें काम करितात. म्हणून ह्या विषाची बाधा रवंथ करणाऱ्या जनावरांस घोड्यापेक्षां लौकर होते. शिवाय जवसांतील तें उपयुक्त आम्ल तेथेंच बरेंचसें पालटून जातें, त्यामुळें घोड्यांत जो गुण दिसतो तो बैलांत तितका दिसत नाहीं. बैलांस पूर्वापार चालत आलेली घाण्याची पेंडच ठीक, तीही बेताची. आणि भिजवावयाची झाल्यास वैरणीच्या वेळींच थंड पाण्यांत भिजवून लगेच पुढें ठेवावी.